कॉन्विक्ट माशांची पिल्लं वेगळी काढू का? खायला काय देऊ?

ऐरोलीकर: मंडळी मदत हवीये, तीन फुटी टँकमध्ये कॉन्विक्टच्या जोडीने कुंडीत अंडी घातली होती, आता पिल्लं तळाशी ढीग करून वळवळतायत, नर बाकी माशांना कोपऱ्यात दाबून ठेवतोय. पिल्लं काढू का? खायला कधीपासून द्यायचं?

घोडबंदरवाला: अरे वा, अभिनंदन! पोटाखाली पिवळट पिशवी दिसतेय तोवर त्यातूनच त्यांचं पोट भरतं, काहीही टाकू नका, नुसतं पाणी खराब होतं. पोहायला लागली की ताजे बेबी ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची नुकती फुटलेली बारीक पिल्लं), त्याला तोड नाही. बाटलीत मिठाचं पाणी, त्यात श्रिंपची अंडी, खालून पंपाने एअर, आपल्याकडच्या उकाड्यात 24 तासांच्या आसपास फुटतात. मग एअर बंद करून बाजूने टॉर्च मारा, श्रिंप उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात, पाइपने ओढायचे, गोड्या पाण्यात धुवून द्यायचे. थोडे थोडे, दिवसातून 3-4 वेळा. पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं म्हणजे खाल्लं.

नेरुळ_फिशटँक: पिल्लं नका हो काढू, बाकीचे मासे काढा. कॉन्विक्ट आईबाप फार जीव लावतात, पडलेलं पान उलटून खालचं खाणं पिल्लांना मोकळं करून देतात, बघत राहावंसं वाटतं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज मात्र आजच लावा, नाहीतर सगळी आत ओढली जातील. आणि नळाचं पाणी अँटीक्लोरीनशिवाय (क्लोरीन घालवायचं औषध) नको.

ऐरोलीकर: पिशवी आहे अजून. स्पंज लावतोच. पण एवढी सगळी मोठी झाल्यावर काय करू?

घोडबंदरवाला: दुकानात आत्ताच विचारून ठेवा. फक्त तलावात, खाडीत कुठेच सोडू नका प्लीज, मध्य अमेरिकेतला मासा आहे, इथल्या माशांची अंडी खाईल.