सरकारी थिएटरात बसून देशालाच शिव्या?

मनवा
रानवारा, काल तुम्ही लिहिलंत की बर्नहार्ड आणि येलिनेक हे ऑस्ट्रियन नाटककार ऑस्ट्रियाचं खाऊन ऑस्ट्रियालाच शिव्या घालतात, हे कसलं साहित्य. रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून लिहितेय. १९८८ आठवा, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याला ५० वर्षं, राष्ट्राध्यक्ष कोण तर दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात असतानाचा स्वतःचा काळ लपवलेले वाल्डहाइम, आणि देश म्हणतोय आम्ही हिटलरचे पहिले बळी. तेव्हा व्हिएन्नाच्या सरकारी बुर्गथिएटरात बर्नहार्डचं 'हेल्डेनप्लात्झ' लागलं. १९३८ मध्ये ज्या चौकात हिटलरचा जयजयकार झाला तेच नाव, आणि नाटकातल्या ज्यू प्रोफेसरच्या विधवेला तो जयजयकार अजून घरात ऐकू येतो! प्रयोगाआधीच पेपरात उतारे फुटले, थिएटरसमोर शेण ओतलं लोकांनी. संसदेत चान्सलर व्रानित्स्कीने देशाची जबाबदारी मान्य केली ती १९९१ मध्ये. आधी कोण बोललं मग?

रानवारा
१९९१ ची कबुली नाटकामुळे आली असं कुणी सांगितलं? वाल्डहाइम प्रकरण १९८६ पासूनच पेटलेलं होतं, पत्रकारांनी ते बाहेर काढलं. आणि मरताना बर्नहार्डने मृत्युपत्रात लिहिलं की ऑस्ट्रियात माझं काही छापायचं नाही, खेळायचं नाही. म्हणजे शिक्षा सामान्य वाचकाला. येलिनेकनेही २००० मध्ये हायडरचा कट्टर उजवा पक्ष सत्तेत आल्यावर तेच केलं, प्रयोग बंद. आणि लेखकाच्या नैतिकतेचं एवढं कौतुक असेल तर हांडकेवर बोला की, तोही ऑस्ट्रियन लेखकच.

दानूबकाठी
मी व्हिएन्नात १४ वर्षं राहतेय. खालच्या मजल्यावरच्या आजी फार प्रेमळ, पोराला केक आणून द्यायच्या. एकदा १९३८ चं विचारलं तर म्हणाल्या आमच्यावर अन्यायच झाला, आणि विषय बंद. पलीकडच्या घरातले ज्यू कुठे गेले यावर एक शब्द नाही. त्यानंतर बर्नहार्ड वाचला तेव्हा मला तो चिडका म्हातारा वाटला नाही.

गोदाकाठ
हांडकेचं काढलंत बरं झालं. २००६ मध्ये युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या सर्बियाच्या नेत्याच्या, मिलोशेविचच्या अंत्यविधीला जाऊन भाषण केलेल्या माणसाला २०१९ मध्ये नोबेल!! १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याकडून आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली गेली, त्यांच्या आयांनी हे बघायचं?

मनवा
हांडके हा वेगळा विषय आहे

गोदाकाठ
वेगळा कसा? बर्नहार्ड देशाला सत्य सांगतो तेव्हा लेखक समाजाचा आरसा, आणि हांडके सर्बियाची बाजू घेतो तेव्हा मात्र फक्त शैली बघा? दुटप्पीपणा आहे हा.

सायली_न
माझी आई गेली त्या वर्षी मी हांडकेचं त्याच्या आईवरचं छोटं पुस्तक वाचलं. तिने १९७१ मध्ये आत्महत्या केली होती, कॅरिंथियातल्या खेड्यातली स्लोव्हेनियन बाई. गरीब घरातली बाई कशी गप्प गप्प होत जाते हे इतकं कुणीच लिहिलेलं मी वाचलं नाही. तुम्ही त्याला फेकून द्या म्हणाल तर मला नाही जमणार.

गोदाकाठ
फेका असं मी कुठे म्हटलं? बक्षीस देऊ नका म्हटलं. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

मनवा
ठीक आहे, नोबेलबद्दल गोदाकाठ यांचं बरोबर आहे, मी टाळत होते. पण रानवारा, मृत्युपत्र चुकीचं धरलं तरी १९८८ चं नाटक खोटं ठरत नाही.

रानवारा
नाटक खोटं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. वाचतो पुन्हा. शिव्यांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.