मदत हवी आहे : वेल्समधल्या 'कम्री' या शब्दाबद्दल

नमस्कार मंडळी. वेल्सचे लोक स्वतःला 'कम्री' म्हणवतात. मूळ शब्द जुन्या ब्रिटॉनिक भाषेतला (वेल्शची पूर्वज भाषा) 'कॉम्ब्रॉगी', म्हणजे एकाच मुलखातली माणसं. इंग्लंडमधल्या कम्ब्रियाचं नावही त्यातूनच आलं. उलट 'वेल्श' हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव, जुना अर्थ 'परके'! स्वतःच्याच भूमीत परके ठरलेल्यांनी एकमेकांना 'आपल्या मुलखातले' म्हणावं, हे मला फार भिडलं.

'कॉम्ब्रॉगी'मधला 'ब्रो', म्हणजे मुलूख, वेल्शमध्ये अजून जिवंत आहे (उदा. ब्रो मॉर्गनुग हा दक्षिण वेल्समधला भाग).

यावर लेख लिहितेय, पण मराठी प्रतिशब्दाशी अडलेय. 'देशबांधव' भाषणातला वाटतो. 'गाववाले' जिव्हाळ्याचा, पण आवाका लहान. 'मुलखकरी' चालेल का? आणि कार्डिफ, स्वान्सीकडे कुणी राहिलं असेल तर तिथला उच्चार रेकॉर्ड करून पाठवाल का, प्लीज?