ओ'जेजचा 'बॅक स्टॅबर्स': रिमास्टर ऐकायचा की जुनी एलपी?

शिट्टीवाला
मंडळी, इथे जुनं सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साठ-सत्तरच्या दशकातलं संगीत) ऐकणारे किती जण आहेत माहीत नाही पण विचारून टाकतो. ओ'जेज या त्रिकुटाचा १९७२ चा 'बॅक स्टॅबर्स' सध्या डोक्यात बसलाय. ॲपवर त्याच्या दोन आवृत्त्या दिसतात, एकीवर रिमास्टर्ड लिहिलंय, दुसरीवर काहीच नाही. शिवाय जुन्या सामानाच्या एका दुकानात अमेरिकन एलपी मिळाली, कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लाय पण तबकडी बरी आहे. आता गंमत अशी की रिमास्टरमध्ये 'लव्ह ट्रेन' एकदम लख्ख वाजतं आणि एलपीवर तेच गाणं घुसमटल्यासारखं, गाताना 'स' आला की नुसतं फस्स. शीर्षकगीताचं मात्र बरोब्बर उलटं! एलपीवर सुरुवातीचा पियानोचा गडगडाट अंगावर येतो, रिमास्टरमध्ये तोच मोठ्यानं वाजतो पण अंगावर काही येत नाही आणि तीनचार गाण्यांनंतर कान किटतात. माझी सुई खराब की कान खराब? आणि यातलं ओरिजनल कुठलं समजायचं?

कॅपस्टन
सुई बदलायची घाई करू नका. 'लव्ह ट्रेन' हे दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे, म्हणजे पार आत, लेबलला चिकटून. तबकडी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेऱ्या, पण कडेला एका फेरीत सुईखालून जेवढी खाच सरकते त्याच्या निम्म्याहूनही कमी आतल्या बाजूला सरकते. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे वरच्या पट्टीतलं सगळं तिथे चुरगळतं, हायहॅट (ड्रमची झांज), तंतुवाद्यं आणि तुमचा तो 'स'. चांगल्या सुईनं कमी होईल पण पूर्ण जाणार नाही. सीडीला किंवा फाइलला हा त्रास नाही, पहिलं गाणं काय नि दहावं काय. म्हणून रिमास्टरचा सगळ्यात मोठा फायदा या अल्बमच्या सगळ्यात हिट गाण्यालाच झालाय.

आता शीर्षकगीत. रिमास्टर म्हणजे रिमिक्स नव्हे, हा घोळ खूप जण घालतात. मल्टिट्रॅकवरचे (प्रत्येक वाद्य-गळा सुटा ठेवलेल्या टेपवरचे) वेगवेगळे आवाज परत जुळवत नाहीत, १९७२ साली मिक्स करून झालेली दोन चॅनेलची टेप घेतात, ती नीट वाजवून डिजिटलमध्ये आणतात, खर्ज-तीव्र थोडं वरखाली करतात आणि एकूण लेव्हल ठरवतात. गोची त्या शेवटच्या पायरीत. नव्वदच्या दशकापासून सगळ्यांना आपली सीडी शेजारच्यापेक्षा मोठी वाजायला हवी होती, पण डिजिटलला वर छत असतं, त्याच्या पलीकडे जाता येत नाही, मग लिमिटर लावून उंच टोकं दाबायची आणि बाकीचं उचलून धरायचं. पियानोचा तो गडगडाट दचकवतो कारण तो शांततेतून वर चढतो. सगळंच वर असलं तर चढणार कुठून? आणि हो, ज्या आवृत्तीवर काहीच लिहिलेलं नाही तिला आपोआप ओरिजनल समजू नका, ती ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या सीडीवरून आलेली असू शकते. त्या काळी बऱ्याचदा मूळ टेप न शोधता एलपीच्या खाचा कोरायला केलेली कॉपीच वापरून मोकळे व्हायचे.

एक करा. दोन्ही आवृत्त्यांचा आवाज कानाला सारखा करून घ्या, ॲपमध्ये व्हॉल्यूम सारखा ठेवायची सेटिंग असते ती चालू करा, आणि मग परत ऐका. मोठं ते पहिल्या दहा सेकंदांत नेहमीच चांगलं वाटतं, कुणालाही.

चेरी हिलची मावशी
अगं बाई, ओ'जेज! मी नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत राहते, फिलाडेल्फिया पूल ओलांडला की आलंच. हा अल्बम तिथल्या सिग्मा साउंडमध्ये झाला, २१२ नॉर्थ ट्वेल्थ स्ट्रीट, जो टार्सिया या इंजिनिअरनं १९६८ मध्ये सुरू केलेला स्टुडिओ. रीडिंग टर्मिनल मार्केटात भाजी घ्यायला गेलं की त्याच रस्त्यानं थोडं वर चालत गेलं की ती इमारत, बाहेरून अगदी सामान्य, कुणाला सांगूनही पटत नाही. १९७४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश गायक डेव्हिड बोवी तिथे रेकॉर्डिंगला आला होता तेव्हा पोरं रात्र रात्र रस्त्यावर बसून राहायची म्हणे.

तर ओ'जेज मुळात फिलीचे, म्हणजे फिलाडेल्फियाचे नव्हेतच, ओहायोतल्या कँटनचे. १९५८ पासून गात होते, आधी नावं वेगळी, मग क्लीव्हलंडचा रेडिओवाला एडी ओ'जे याच्या नावावरून हे नाव घेतलं. सुरुवातीला पाच जण, गळत गळत उरले तिघं, एडी लेव्हर्ट, वॉल्टर विल्यम्स आणि विल्यम पॉवेल. केनी गँबल आणि लिओन हफ या निर्मात्यांबरोबर आधी नेपच्यून नावाच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीत काम केलं होतं, ते लेबल बंद पडलं, मग या दोघांनी १९७१ मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल काढलं आणि परत यांना बोलावलं. म्हणजे 'लव्ह ट्रेन' १९७३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं तेव्हा या मंडळींची गाण्यात पंधराएक वर्षं गेलेली होती!! ती वर्षं लेव्हर्टच्या घशात ऐकू येतात, कोवळ्या पोराला तसं ओरडता येत नाही. आणि बाई गं, बिचारा पॉवेल १९७७ मध्ये कॅन्सरनं गेला.

गोंगाटे
तुम्ही सगळे सुई, टेप, लिमिटर करत बसा. मला विचाराल तर मोबाइलच्या स्पीकरवरही हा अल्बम कळतो, कारण तो आवाजांचा आहे. लेव्हर्ट खरखरीत, चर्चमधल्या प्रवचनासारखा पेटत जाणारा, विल्यम्स त्याच्या शेजारी गुळगुळीत, आणि दोघं एकमेकांच्या तोंडातली ओळ काढून घेतात. '९९२ आर्ग्युमेंट्स' एलपीवर सहा मिनिटांचं आहे, त्यातला अर्धा वेळ नुसता बँड वाजतो, तिथे खरं तर मला कंटाळा येतो. 'हू ॲम आय' लावा, रिमास्टर की काय ते विसराल. फुकट हजारो रुपयांची सुई घेऊ नका राव.

कॅपस्टन
गोंगाटे, आवाजांबद्दल मान्य पण बँडवरून भांडण होणार. तो बँड म्हणजे एमएफएसबी, सिग्माचा घरचाच वादकसंच. ड्रमवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, व्हायब्रफोनवर व्हिन्स मोंटाना. अर्ल यंगचा तो उघडझाप करणारा हायहॅट पुढे सगळ्या डिस्कोनं उचलला. तिथली पद्धत अशी की आधी ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे ड्रम-बेस-गिटारवाले, एकत्र बसून वाजवणार, मग गळे, मग वरून तंतुवाद्यं आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं. शीर्षकगीताची अरेंजमेंट थॉम बेलची, त्यात व्हायोलिनं गोड गोड पसरत नाहीत, गायकांच्या मागे कुजबुजत फिरतात. मोबाइलच्या स्पीकरवर बेकरचा बेस येतच नाही, आणि बेस गेला की ते गाणं चालत नाही, नुसतं उभं राहतं. तुम्ही अर्धंच जेवून पोट भरलं म्हणताय.

शिट्टीवाला
आभार सगळ्यांचे. सेटिंग चालू करून ऐकलं. आवाज सारखा केल्यावर रिमास्टरचा रुबाब बराच उतरला, शीर्षकगीतात पियानो आता एलपीसारखाच पण थोडा चपटा, आणि कोंगा (हातानं वाजवायचे ढोल) मात्र एलपीपेक्षा जास्त स्पष्ट, ते आधी कानावरच आले नव्हते. कान किटायचं थांबलं. 'शिफ्टलेस, शेडी, जेलस काइंड ऑफ पीपल'मध्ये मागचे कोरसवाले आवाज वेगवेगळे ओळखू आले, एलपीवर ते एकच गठ्ठा वाटायचे. सध्या ठरवलंय की पहिली बाजू एलपीवर आणि 'लव्ह ट्रेन' फाइलवरून. गोंगाटे, 'हू ॲम आय' ऐकलं, कबूल, पण सहा मिनिटांचं मला आवडतं.

मावशी, शीर्षकगीत लिहिणारे कोण होते? लेबलवर तीन नावं आहेत, शाई पुसलीय.

चेरी हिलची मावशी
लिओन हफ, जीन मॅकफॅडन आणि जॉन व्हाइटहेड. मॅकफॅडन-व्हाइटहेड ही जोडी नंतर स्वतः गायला लागली, १९७९ मध्ये त्यांचं एक गाणं खूप चाललं. आणि तो सुरुवातीचा पियानो हफचाच बरं का.

गोंगाटे
बरं, आता हे संपलं की १९७३ चा 'शिप अहॉय' घ्या. त्यात 'फॉर द लव्ह ऑफ मनी' आहे, बेसवर अँथनी जॅक्सन. तो मोबाइलवर ऐकू नका, हे मीच सांगतोय. कॅपस्टन हसू नका.

कॅपस्टन
हसत नाहीये. हेडफोन कुठले आहेत तुमच्याकडे?