ट्रॉमाचं फॅड म्हणे!

रात्रपाळी: काल एकाने इथे लिहिलं की हल्लीच्या स्लॅशरमध्ये, म्हणजे एकामागून एक मुडदे पाडणाऱ्या खुन्याच्या सिनेमात, खून कमी आणि थेरपी जास्त, २०१८च्या 'हॅलोविन'मधली लॉरी एका रात्रीचं चाळीस वर्षं काय उगाळत बसलीये, मूव्ह ऑन का होत नाही. डोकंच फिरलं. अरे, १९७८च्या पहिल्या 'हॅलोविन'मध्ये शाळकरी पोरगी होती ती, मुखवटेवाल्या मायकेलने एका रात्रीत मैत्रिणी मारल्या. पुढे घराचा किल्ला केला, बंदुका जमवल्या, मुलीला लहानपणापासून असलं काही शिकवलं की सरकारने मुलगी काढून घेतली. हे फॅड? मला तर मायकेलपेक्षा ती हॉटेलात घरच्यांसोबत बसून रडायला लागते ना, तिथे जास्त टरकायला झालं.

पश्या: मीच तो 'एक', नाव घ्यायला काय झालं? तिकीट काढून मी घाबरायला जातो, समुपदेशन बघायला नाही. १९९८च्या 'हॅलोविन एच-ट्वेंटी'त हीच लॉरी नाव बदलून शाळेची मुख्याध्यापिका झालेली, दारू प्यायची, दचकायची, सगळं होतं, पण शेवटी कुऱ्हाडीने मायकेलचं मुंडकं उडवलं, दीड तासात हिशोब चुकता. २०१८वाल्यांनी तो सिनेमा घडलाच नाही असं धरलं. का, तर रडणं ताणायला.

मृदुला_ठाणे: हिशोब चुकता म्हणे. माझी चेन खेचली त्याला आठ वर्षं झाली. सात ग्रॅम. चाकूबिकू काही नाही, फक्त मागून बाईक आली. अजूनही मागून बाईकचा आवाज आला की हात गळ्याशी जातो, गळ्यात काही नसतं तरी, कारण मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात आहे आणि त्यावरून सासूबाईंनी वर्षभर ऐकवलंय. लॉरीला चाळीस वर्षं कमीच दिली.

ऱ्हस्वदीर्घ_काका: एक विचारू? 'ट्रॉमा' कशाला? 'मानसिक आघात' म्हणा की.

मृदुला_ठाणे: काका, आघात पेपरात होतो. आमच्याकडे धसका घेतात.

ऱ्हस्वदीर्घ_काका: धसका ग्राम्य आहे.

कृष्णाकाठ: ग्राम्य??? ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, आमचं गाव पाटणजवळ. त्यानंतर आजी मरेपर्यंत घरात झोपली नाही. थंडीतसुद्धा पडवीत, उशाशी कंदील आणि चपला. सगळे म्हणायचे म्हातारीने धसका घेतलाय, आणि एक जास्तीची गोधडी आणून टाकायचे, बास. अमेरिकेच्या डॉक्टरांनी असल्या धसक्याच्या आजाराला पीटीएसडी हे नाव देऊन १९८०मध्ये पुस्तकात घातलं, तोवर आजीची पडवीत बारा वर्षं झालेली. तुमचा आघात ठेवा तुमच्याकडे.

पश्या: स्लॅशरमध्ये भूकंप कुठून आला? भूकंप मुखवटा घालून येतो का?

कृष्णाकाठ: तुला कळणार नाही, राहू दे.

ऱ्हस्वदीर्घ_काका: मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बघितला. धसका आहे. असो.

रात्रपाळी: काका, हार मानलीत?? 😀 पश्या, 'स्क्रीम'ची सिडनी आठव. १९९६च्या पहिल्या भागात खुनी फोनवरून छळतो. २०००च्या तिसऱ्या भागात ती आडबाजूला एकटी राहते, गेटला कोड, आणि काम काय करते? अडचणीतल्या बायकांचे फोन घेते. फोनचाच धसका घेतलेली बाई दिवसभर फोन उचलते! यात खून कुठे कमी पडले सांग.

पश्या: फोनचं डोक्यात नव्हतं आलं. मान्य, अर्धं. पण २०२२च्या 'हॅलोविन एंड्स'मध्ये लॉरीबाई आत्मचरित्र लिहायला बसतात, त्याचं काय?

रात्रपाळी: त्या सिनेमाबद्दल मी गप्प.

मृदुला_ठाणे: बसू दे की लिहायला. तुझं काय जातं? सात ग्रॅमचा आजचा भाव बघ आधी.

ऱ्हस्वदीर्घ_काका: आणि 'मूव्ह ऑन'ला मराठीत काय म्हणाल?

पश्या: काका, झोपा.