मदत हवी आहे: इंग्लंडहून आणलेल्या पीएस ५ (प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) वर तिकडचे खुणांच्या भाषेतले कार्यक्रम मुंबईत कसे लावायचे?

मंडळी, नमस्कार. प्रश्न तांत्रिक आहे, पण घरचं थोडं सांगितल्याशिवाय नीट कळायचा नाही.

माझी बहीण बरीच वर्षं लेस्टरला होती. यंदा जूनमध्ये तिघं कायमचे मुलुंडला परत आले. भाची आठ वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. तिची पहिली भाषा ब्रिटिश खुणांची, म्हणजे बीएसएल. इथे शाळेत आता भारतीय खुणांची भाषा सुरू झालीय. इंग्रजी अक्षरं तिला अडली नाहीत, कारण दोन्हींत ती दोन हातांनी करतात आणि स्वर बोटांच्या टोकांवर असतात. मला तिने सगळ्यात आधी 'आजी' शिकवलं: उजव्या तर्जनीने डाव्या अंगठ्याच्या टोकाला दोनदा स्पर्श, मग मधल्या बोटापासून तळहातावर खाली ओढत 'जे', मग परत मधल्या बोटाचं टोक. पण अक्षरं जुळली तरी शब्दांच्या खुणा पुष्कळ वेगळ्या. दिवसभर पोर त्यांच्याशी झटत असते. संध्याकाळी घरी आली की तिला आपल्या भाषेतलं काहीतरी बघायचं असतं.

तिकडे ती एका चॅनलच्या अ‍ॅपवर खुणा करून सांगितलेले मुलांचे कार्यक्रम बघायची. तोच पीएस ५, तेच अ‍ॅप, बहिणीचं तेच ब्रिटनचं खातं. इथेही अ‍ॅप उघडतं, चित्रं दिसतात, पण प्ले दाबलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. ती रोज एकदा दाबून बघते. मला ते बघवत नाही.

फोनवर दाखवा असं कृपया सांगू नका. खुणा करणारी बाई पडद्याच्या कोपऱ्यात असते. फोनवर ती सुपारीएवढी दिसते, बोटं कुठली कळणार! ४३ इंची टीव्हीसमोर भाची मांडी घालून बसते आणि बाईच्या बरोबरीने हात हलवते, म्हणून टीव्हीच हवा.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकला, काही फरक नाही. एका चांगल्या कंपनीचं व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून इंटरनेट वापरतोय असं भासवणारी सेवा) पैसे भरून घेतलं, पण पीएस ५ वर ते अ‍ॅपच मिळत नाही. मग लॅपटॉपवर व्हीपीएन लावून विंडोजचा मोबाईल हॉटस्पॉट चालू केला आणि कन्सोल त्याला जोडला. लॅपटॉपवर कार्यक्रम चालतो, कन्सोलवर तोच संदेश. हे मात्र मला अजिबात उमगलं नाही. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने सांगितलं, कन्सोल रीसेट करून नवं भारतीय खातं उघडा. करू का? शनिवारी करायचा विचार आहे.

प्रतिसाद १

ताई, रीसेट अजिबात करू नका. इथे दोन वेगवेगळी कुलपं आहेत. एक खात्याचं. पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनच्या खात्याचा देश खातं उघडताना ठरतो आणि नंतर बदलता येत नाही. स्टोअरमध्ये कुठली अ‍ॅप दिसणार ते त्यावरून ठरतं. ते कुलूप तुमच्याकडे उघडंच आहे, म्हणून तर अ‍ॅप उघडतंय. भारतीय खातं हवंच असेल तर त्याच कन्सोलवर दुसरा युजर म्हणून उघडा, बहिणीच्या खात्याला हात लावू नका.

दुसरं कुलूप आयपी अ‍ॅड्रेसचं, म्हणजे तुमच्या कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं. प्ले दाबल्यावर त्यांचा सर्व्हर तुमचा आयपी कुठल्या देशातला ते बघतो. कार्यक्रमांचे हक्क देशागणिक विकले जातात, म्हणून ही तपासणी. ८.८.८.८ हा फक्त नावावरून पत्ता शोधून देतो, तुमचा आयपी मुंबईचाच राहतो.

आता हॉटस्पॉटचं. विंडोजचा हॉटस्पॉट कन्सोलला घरचं साधं इंटरनेट देतो, व्हीपीएनचं नाही. ते तुम्हाला सांगावं लागतं. कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा. व्हीपीएनच्या नावाच्या अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे शेअरिंग नावाचा टॅब. पहिल्या चौकोनात टिक करा आणि खालच्या यादीतून हॉटस्पॉटचा अ‍ॅडॅप्टर निवडा. त्याच्या नावात 'लोकल एरिया कनेक्शन' आणि पुढे चांदणी व आकडा असतो. आधी व्हीपीएन, मग हॉटस्पॉट, मग हे शेअरिंग, असा क्रम ठेवा. कन्सोलचा डीएनएस परत ऑटोमॅटिक करून ठेवा.

प्रतिसाद २

वरचा उपाय चालेल, पण रोज संध्याकाळी लॅपटॉप अडकून पडेल. कायमचं हवं असेल तर वायरगार्ड (व्हीपीएन जोडायची एक पद्धत) क्लायंट चालवू शकणारा दुसरा राउटर घ्या. तुमच्या फायबरवाल्याच्या डब्यात ती सोय बहुधा नसेल, त्याला छेडू नका. त्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून नव्या राउटरच्या वॅनमध्ये लावा, व्हीपीएन नव्यावर चढवा आणि फक्त पीएस ५ त्याला जोडा. घरातले फोन जुन्यावरच राहू देत, नाहीतर व्हीपीएन लंडनचा असताना कुणाच्या बँकेचं अ‍ॅप अडून बसायचं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. नव्या राउटरवर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) बंद करा. आपल्याकडे फायबरवर ते बऱ्याचदा चालू असतं. व्हीपीएनचा बोगदा फक्त आयपीव्ही४ चा असला तर कन्सोल आयपीव्ही६ ने थेट बाहेर जातो आणि मुंबई उघडी पडते. मी यात दोन रात्री घालवल्यात.

स्मार्ट डीएनएस (व्हीपीएनशिवाय, डीएनएसमार्फत देशाचं कुलूप चुकवणारी सेवा) कोणी सुचवेल. त्यात तुमचा आयपी त्यांच्याकडे नोंदवावा लागतो. घरच्या कनेक्शनचा आयपी बदलत राहतो, शिवाय काही कंपन्या एकच आयपी अनेक घरांत वाटतात. रोज नोंदवत बसाल.

प्रतिसाद ३

भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही, पण त्या अ‍ॅपच्या अटींत ते बसत नाही आणि ते कधीही व्हीपीएनचे आयपी बंद करू शकतात. मुलीला तेवढी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे एखाद्या दिवशी थांबलं तर हिरमोड कमी होईल. फुकटचं व्हीपीएन मात्र घेऊ नका.

तुमचा कन्सोल डिस्कवाला आहे का? मग तिकडच्या डिस्क बिनधास्त चालतील, कारण कन्सोल तिकडचा आहे. डिस्कवरही देशांच्या गटाचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात. ब्रिटनच्या डीव्हीडी रीजन २ च्या, ब्लू-रे बी च्या. आपल्या रीजन ५ आणि सी. खुणांसहित आवृत्ती असेल तर कव्हरवर बघून घ्या. तिथे इंटरनेटचा प्रश्नच नाही.

आणि ताई, यूट्यूब कन्सोलवर आहेच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश तिथे व्हिडिओरूपात आहे. बीएसएल तोडू नका, पण मोठ्या टीव्हीवर रोज पाच नव्या खुणा तुम्ही दोघी मिळून बघा. माझा मुलगा असाच शिकला, आणि त्याच्याबरोबर मीही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेअरिंगचा टॅब हेच कारण निघालं. काल सव्वासातला लागलं. भाचीने आधी प्ले दाबलंच नाही, कंट्रोलर माझ्या हातात दिला. चालू झालं तेव्हा ती टीव्हीच्या इतक्या जवळ गेली की बहिणीला तिला मागे ओढावं लागलं. मध्ये दोनदा अडकलं, कारण लॅपटॉप स्वयंपाकघरात होता. आज तो टीव्हीशेजारी ठेवतेय.

कन्सोल डिस्कवालाच आहे. भावोजींचा मित्र दिवाळीला लेस्टरहून येतोय, त्याला डिस्कची यादी पाठवली. कोशातल्या पहिल्या पाच खुणा आम्ही आज जेवणानंतर बघणार आहोत.

दुसरा राउटर घ्यायचं नक्की केलंय. वायरगार्ड आणि आयपीव्ही६ दोन्ही नीट कळणारं, मुलुंड-भांडुपकडे येऊन बसवून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया निरोप ठेवा. रविवारी दिवसभर घरीच आहोत.