कृतज्ञतेची वही: दर रविवारी तेच तेच का येतं?

शेपूटवाली: आठवड्यातून एकदा लिहिते, पण ‘घर, कुत्रा, फिरणं’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. रोज लिहू का? शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात कुत्र्याला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर न्यायचं तर काय सांभाळावं?

वहीवेडा: रोज नको, सवयीने बोथट होऊ शकतं. एमन्स आणि मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या 2003च्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगातही आठवड्याला एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या; पुढच्या प्रयोगांत मात्र रोज. ‘कुत्रा’ हे नाम झालं, प्रसंग लिहा. ‘मंगळवारी कुकरची शिट्टी झाली तसा बाहेरची चप्पल तोंडात धरून दाराशी बसला.’ असं एकच वाक्य पुरे. रविवारपर्यंत विसरायला होतं, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावून दोन-दोन शब्द टिपत जा. आणि पाचाचा आकडा गाठायचाच म्हणून भर घालू नका, तिथेच वही कंटाळवाणी होते.

टेकडीकर: सकाळी आठच्या आत उतरा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर पंजेही भाजणार. पाणी आणि पसरट वाटी सोबत हवीच. तिथे मोर आहेत, पट्टा सोडू नका. पावसाळ्यानंतर गवतात गोचीड फार. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत चाचपा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल अजिबात नको.

शेपूटवाली: चिठ्ठी लावली. पहिली नोंद: ‘चप्पल, डावी.’