शब्दचर्चा : द्रवमिश्रणाचा ‘अपारक स्थिरांक’ की ‘सापेक्ष पर्मिटिव्हिटी’?

प्रश्न : द्रवांच्या मिश्रणाविषयी लिहिताना ‘विद्युत अपारक स्थिरांक’ वापरावा, की ‘पर्मिटिव्हिटी’? दोहोंचा अर्थ एकच आहे का?

उत्तर : अर्थ जवळचे असले, तरी एक नाहीत. पर्मिटिव्हिटी म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप; ती फॅरड प्रतिमीटर या एककात सांगतात आणि निर्वाताची पर्मिटिव्हिटी सुमारे ८.८५४ × १०⁻¹² इतकी असते. पदार्थाच्या पर्मिटिव्हिटीला या संख्येने भागल्यावर जी एककरहित संख्या उरते, तिला अपारक स्थिरांक किंवा सापेक्ष पर्मिटिव्हिटी म्हणतात. माझा आक्षेप ‘स्थिरांक’ या शब्दाला आहे. पाण्याच्या बाबतीत ही संख्या २५° से. ला सुमारे ७८ आणि १००° से. ला सुमारे ५६ असते, तर विद्युत क्षेत्राची वारंवारता दृश्य प्रकाशाइतकी असताना ती १.८ च्या आसपास उतरते. इतक्या बदलणाऱ्या राशीला स्थिरांक म्हणणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे. ‘पार्यता’ हा पर्यायही मी टाळतो, कारण तो चुंबकीय पार्यतेसाठी रूढ आहे.

पूरक प्रश्न : मग ‘मिश्रणाची सापेक्ष पर्मिटिव्हिटी’ एवढे म्हणणे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. पाणी आणि इथेनॉल रेणूंच्या पातळीवर एकजीव होतात, त्यामुळे तिथे ‘द्रावणाची पर्मिटिव्हिटी’ म्हणणे योग्य ठरते. तरीही दोन घटकांच्या मोल-प्रमाणानुसार (रेणूंच्या संख्येच्या प्रमाणानुसार) काढलेली सरासरी मोजलेल्या मूल्याशी जुळत नाही, मोजलेले मूल्य बरेच कमी भरते. तेल आणि पाण्याच्या पायसात (इमल्शनमध्ये, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब विखुरलेल्या मिश्रणात) मात्र थेंब वेगळेच राहतात. सापेक्ष पर्मिटिव्हिटी २.२ असलेल्या तेलात आकारमानाने १० टक्के पाणी बारीक गोल थेंबांच्या रूपात असेल, तर साधी सरासरी ९.८ येते, पण मॅक्सवेल गार्नेट यांच्या मिश्रणांसाठीच्या १९०४ च्या सूत्रानुसार उत्तर केवळ २.९ च्या सुमारास येते, कारण थेंबांच्या पृष्ठभागावर प्रेरित झालेल्या प्रभारामुळे थेंबांच्या आतील विद्युत क्षेत्र फार क्षीण होते. उलट पाणी सलग असून तेल थेंबरूपात असेल, तर प्रमाण सारखे ठेवूनही मूल्य कितीतरी मोठे होते. म्हणून अशा ठिकाणी ‘परिणामी’ (इफेक्टिव्ह, म्हणजे संपूर्ण मिश्रणाची एकत्रित) हे विशेषण लावावे आणि कोणता द्रव सलग आहे तेही सांगावे. ‘तेलात १० टक्के पाण्याचे थेंब असलेल्या पायसाची २५° से. तापमानाला आणि १ मेगाहर्ट्झ वारंवारतेला परिणामी सापेक्ष पर्मिटिव्हिटी’ हा शब्दप्रयोग लांबलचक आहे, पण त्यातला एकही शब्द गाळता येत नाही.